जुन्या पुलापासून संगमापर्यंत

1304 सालच्या मे महिन्याचा पहिला दिवस. तुम्ही फ्लोरेन्समध्ये, आर्नो नदीच्या डाव्या काठावर उभे आहात. समोर कार्राया पूल आहे आणि अख्खं गाव त्याच्याकडे धावतंय. खेळ तिथूनच सगळ्यात चांगला दिसणार, हे खरं. तरीही काठावरची जागा सोडू नका.

सान फ्रेदियानो ही या काठावरची वस्ती. इथल्या मंडळींनी गावभर दवंडी पिटलीय की ज्याला परलोकाची खबर हवी असेल त्याने एक मेला कार्राया पुलावर यावं. नदीत होड्या लावून वर फळ्या टाकल्या आहेत आणि त्यांच्यावर नरक उभा केलाय. जाळ पेटलाय. सैतानाची सोंगं घेतलेली माणसं पापी जिवांना आगीत लोटताहेत आणि ते जीव जिवाच्या आकांताने ओरडताहेत. तुमच्या शेजारची म्हातारी छातीवर क्रूस काढते, आणि पुन्हा मान उंचावून बघते.

पूल लाकडी आहे आणि त्याच्यावर आता मुंगीला शिरायला वाव नाही. लाकूड कुरकुरतं. सैतानांच्या आरोळ्यांत ते कुणाला ऐकू येत नाही, तुम्हाला येतं, कारण तुम्ही त्याचीच वाट बघताय. मग पूल ठिकठिकाणी तुटतो आणि वरची गर्दी नदीत कोसळते. क्षणभर कुणालाच कळत नाही की खेळातला आरडाओरडा संपून खरा कधी सुरू झाला. पुढे जोवान्नी व्हिल्लानी हा गावचा बखरकार लिहून ठेवणार आहे की थट्टेतलं ते आमंत्रण खरं ठरलं आणि परलोकाची खबर आणायला खूप जण खरोखरच गेले. ही गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगितली, कारण फ्लोरेन्सच्या पुलांकडे बघताना ती मनात असावी. आर्नोवर पूल टिकणं ही इथे कधीच गृहीत धरायची गोष्ट नव्हती. गावातला प्रत्येक जुना पूल कधी ना कधी पडला आहे आणि गावाने तो पुन्हा उभा केला आहे.

आता एकोणतीस वर्षं पुढे या. 1333, नोव्हेंबरची चौथी तारीख. चार दिवस आणि चार रात्री पाऊस थांबलेला नाही. उन्हाळ्यात या नदीचं पात्र दगडगोट्यांचं असतं, काही ठिकाणी पोरं चालत पलीकडे जातात. आज तीच नदी घरांच्या पहिल्या मजल्यावरून वाहतेय. गावातल्या सगळ्या चर्चच्या घंटा एकसारख्या वाजताहेत. लोक छपरांवर चढलेत, एका घरावरून दुसऱ्या घरावर फळ्या टाकून पुढे सरकताहेत, भांडी बडवून देवाची करुणा भाकताहेत.

तुम्ही पोन्ते वेक्योच्या उत्तर टोकाशी, एका उंच जागी टेकून उभे आहात. पोन्ते म्हणजे पूल, वेक्यो म्हणजे जुना. पुलाच्या तोंडाशी एक झिजलेला दगडी पुतळा आहे. तो मार्स, रोमनांचा युद्धदेव. गाव ख्रिस्ती होऊन शेकडो वर्षं झाली, तरी त्याला कुणी हलवलेलं नाही, कारण तो जागचा हलला तर गावावर अरिष्ट येईल अशी समजूत आहे. 1216 साली ईस्टरच्या दिवशी बुओन्देल्मोन्ते नावाच्या तरुण सरदाराला याच पुतळ्याच्या पायाशी घोड्यावरून ओढून मारलं गेलं. एका मुलीशी ठरलेलं लग्न त्याने मोडलं होतं, म्हणून. त्या खुनातून गावात दोन तट पडले आणि पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या जिवावर उठले, असं फ्लोरेन्सकर सांगतात. आपल्याकडे गावाच्या वेशीवरच्या म्हसोबाला जशी माणसं बिचकून असतात, तसे हे लोक या मार्सला बिचकून आहेत.

पाण्याबरोबर झाडांचे ओंडके येताहेत. ते पुलाच्या खांबांत अडकतात, मागचं पाणी तुंबतं, मग ते पुलाच्या वरून वाहायला लागतं. कार्राया गेला. सांता त्रिनिता पूल गेला. आता तुमच्या डोळ्यांदेखत जुना पूल जातो आणि मधले खांब तेवढे पाण्यात उभे राहतात. मार्सही नदीत जातो. तो पुन्हा कुणाला दिसलेला नाही.

एकच पूल तगला, वरच्या अंगाचा रुबाकोन्ते, ज्याला आज ग्राझिये म्हणतात. त्याच्या खांबांवर पुढे छोटी देवळं आणि खोल्या झाल्या आणि त्या खोल्यांमध्ये काही जोगिणींनी स्वतःला भिंतीआड कोंडून घेतलं. नदीच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायरवात, जगापासून तुटून राहायचं त्यांनी ठरवलं. त्या खोल्या एकोणिसाव्या शतकात काढून टाकल्या. आजचा ग्राझिये 1957 चा, साधा, आधुनिक. लोक त्याच्यावर उभे राहतात ते जुन्या पुलाचे फोटो काढायला.

आता पुराचं पाणी ओसरू द्या आणि 1345 मध्ये उतरा. आजचा पोन्ते वेक्यो तयार झालाय, चुन्याचा वास अजून गेलेला नाही. तो नेमका कुणी बांधला यावर विद्वानांचं एकमत नाही, कुणी तादेओ गाद्दीचं नाव घेतं, कुणी नेरी दी फिओराव्हान्तेचं. पण ज्याने बांधला त्याने 1333 ची रात्र नीट पाहिली होती, हे कमानी बघून कळतं. त्या कमानींकडे जरा वेळ बघा, कारण पुलावरून चालताना त्या दिसत नाहीत आणि बहुतेक प्रवासी त्या न बघताच परत जातात.

रोमनांची कमान म्हणजे अर्धं वर्तुळ. ती रुंद करायची तर तेवढीच उंचही करावी लागते, आणि उंची नको असेल तर कमानी लहान ठेवून खांब वाढवावे लागतात. नदीत खांब जितके जास्त तितकी पाण्याला अडचण, आणि ओंडके अडकायला जागाही तितकीच. इथे मात्र पाथरवटांनी वर्तुळाचा फक्त वरचा तुकडा घेतला. कमान पसरट झाली. मधली कमान तीस मीटर रुंद आहे, बाजूच्या दोन साधारण सत्तावीस मीटर. एवढी नदी ओलांडायला पाण्यात फक्त दोन खांब. अशा चपट्या कमानीचा रेटा खाली कमी आणि बाजूला जास्त असतो, म्हणून दोन्ही काठांचे पाये मजबूत लागतात. ते केले आहेत. रोमन काळ सरल्यावर एवढ्या मोठ्या पुलासाठी युरोपात असं धाडस क्वचितच कुणी केलं होतं. पुलाच्या मध्यावर मोकळी जागा आहे, तिथल्या दगडावर पूर कधी आला आणि त्यानंतर बारा वर्षांनी गावाने पूल कसा पुन्हा बांधला, एवढंच कोरलंय. बांधणाऱ्याचं नाव नाही. मला ते आवडतं.

पूल पूर्ण झाल्यावर तिसऱ्या वर्षी प्लेग आला. व्हिल्लानी त्यातच गेला, 1348 मध्ये. पूल बांधणाऱ्या हातांपैकी किती हात त्या वर्षी गेले असतील, याचा विचार कमानीखालून वाहणारं पाणी बघताना आल्याशिवाय राहत नाही.

दोनेकशे वर्षं ओलांडताना नाकाला रुमाल लावा. 1442 पासून पुलावर खाटकांचे गाळे आहेत. मांसाचा कचरा रस्त्यावर न राहता थेट नदीत जावा, हा हिशेब. सकाळी पुलावरून गेलात की रक्त फरशीच्या फटींतून वाहत असतं, कुत्री पायांत येतात, आणि खाली पाण्यावर आतड्यांचे गुंते तरंगत जातात.

1565 चा हिवाळा. वर बघा. गाळ्यांच्या डोक्यावरून एक बंद, छप्पर असलेला लांबलचक मार्ग गेलाय. ड्यूक कोझिमो मेदिची याच्या मुलाचं लग्न आहे, सून ऑस्ट्रियाची राजकन्या. वास्तुकार जोर्जो वासारीने हा मार्ग अवघ्या पाच महिन्यांत उभारला. ड्यूकला आता कचेरीतून नदीपलीकडच्या पिट्टी वाड्यात जाताना रस्त्यावर उतरावं लागणार नाही, रयतेच्या अंगाला अंग लागणार नाही, आणि वाटेतल्या सांता फेलिचिता चर्चमध्ये वरच्या सज्जातून प्रार्थनाही ऐकता येईल. फक्त पुलाच्या दक्षिण टोकाशी एक जुना बुरूज आहे, मान्नेल्ली घराण्याचा. त्यांनी तो पाडू द्यायला साफ नकार दिला. म्हणून ड्यूकचा सरळ जाणारा मार्ग तिथे अडतो आणि बुरुजाला वळसा घालून दगडी टोड्यांवर लटकत पुढे जातो. पुलावर गेलात तर हा वळसा जरूर शोधा. एका गृहस्थाने राज्यकर्त्याला दिलेला नकार तिथे दगडात उभा आहे, साडेचारशे वर्षं.

खालून येणारा खाटीकखान्याचा वास मात्र वरच्या खिडक्यांतूनही येतो. अखेर 1593 मध्ये ड्यूक फेर्दिनान्दोने हुकूम काढला की पुलावर आता फक्त सोनार आणि जवाहिरे बसतील. खाटीक उठले, सोनार आले आणि आजही तेच आहेत. कोल्हापूरच्या गुजरीत किंवा पुण्याच्या रविवार पेठेत वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटणार नाही. तोच मखमलीवर मांडलेला माल, तीच दारातून आत बोलावणारी नजर. पण दुकानं बंद झाल्यावर या पुलावर अवश्य या. प्रत्येक गाळ्याला जाड लाकडी दारं आहेत, त्यांना लोखंडी पट्ट्या आणि मोठ्या टोकांचे खिळे. ती मिटली की दोन्ही बाजूंना आजीच्या माजघरातल्या जुन्या पेट्या ओळीने मांडून ठेवल्यासारखं दिसतं. हात लावून बघा. लाकूड दिवसभर तापलेलं असतं, लोखंड आधी गार होतं.

आता पुलावरून उतरा आणि प्रवाहाच्या दिशेने चाला. चार-पाच मिनिटांवर सांता त्रिनिता आहे. मला विचाराल तर या गावातला सगळ्यात सुंदर पूल हाच, आणि जुन्या पुलाच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर तो बघावा. 1557 च्या पुराने आधीचा पूल नेला. बार्तोलोमेओ आम्मन्नातीने 1567 ते 1569 या काळात नवा बांधला. त्याच्या तीन कमानींची रेषा वर्तुळाची नाही, नुसती लंबवर्तुळाचीही म्हणता येत नाही. दोन हातांत सैल धरलेली साखळी जशी खाली झुलते, ती उलटी केली की जी रेषा येईल, तिच्या जवळची ही रेषा आहे. त्यामुळे दगड जड वाटतच नाही. 1608 मध्ये मेदिचींच्या आणखी एका लग्नासाठी पुलाच्या चार कोपऱ्यांवर चार ऋतूंचे पुतळे बसवले. वसंताचा पुतळा फ्रान्काव्हिल्लाने घडवला. तरुण बाई, हातांत फुलं. तिचा चेहरा आत्ताच नीट बघून घ्या.

कारण आता तुम्ही 1944 च्या ऑगस्टमध्ये आहात. तीन तारखेची रात्र. जर्मन सैन्य उत्तरेला माघार घेतंय आणि दोस्तांचं सैन्य दक्षिणेच्या टेकड्यांवर येऊन ठेपलंय. नदीकाठच्या लोकांना घरं सोडायचा हुकूम सुटला होता. हजारो माणसं पिट्टी वाड्याच्या दालनांत आणि अंगणांत गाद्या-गोधड्या टाकून पडली आहेत. तुम्हीही त्यांच्यातच, थंड फरशीवर. पाणी नाही, वीज नाही. रात्री पहिला स्फोट होतो आणि काचा थरथरतात. मग दुसरा. शेजारचा म्हातारा प्रत्येक आवाजाला पुलाचं नाव घेतो, अंदाजाने. ग्राझिये. कार्राया. सांता त्रिनिताचं नाव घेताना त्याचा आवाज फुटतो.

सकाळी धूळ खाली बसते तेव्हा गावातला एकच पूल उभा आहे, पोन्ते वेक्यो. तो वाचावा म्हणून जर्मन वकील गेरहार्ड वोल्फ यांनी खटपट केली, त्यांच्या नावाची पाटी आज पुलावर आहे. पण पूल सोडला तरी त्याची दोन्ही टोकं सोडली नाहीत. रणगाड्यांना वाट मिळू नये म्हणून दोन्हीकडची मध्ययुगीन घरं सुरुंगाने उडवून ढिगारे केले. आज पुलाच्या तोंडाशी दिसणाऱ्या इमारती एवढ्या नव्या का, याचं उत्तर त्या रात्रीत आहे. ढिगाऱ्यांच्या वरून वासारीचा मार्ग तेवढा जाण्याजोगा राहिला आणि शत्रूच्या नजरेआड नदी ओलांडायला माणसांना त्याचाच उपयोग झाला. रोसेलिनीच्या 1946 च्या 'पाइसा' चित्रपटात ते दिसतं. ड्यूकला रयतेचा स्पर्श होऊ नये म्हणून बांधलेल्या वाटेवरून आता रयतच वाकून धावत होती.

इथे एका गोष्टीची नोंद केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्या ऑगस्टमध्ये फ्लोरेन्सच्या आघाडीवर आठवी इंडियन डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. रत्नागिरी, सातारा, नगर, कोल्हापूरकडची पोरं या टेकड्यांवर झोपली, या नदीचं पाणी प्यायली. त्याच बटालियनचे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर गोळीबारातून दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून उचलून परत घेऊन आले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या नद्या ओलांडण्याशी मराठी माणसाचा संबंध पर्यटनाने सुरू झालेला नाही.

गावाने सांता त्रिनिताचं काय केलं ते बघायला तुम्ही 1950 च्या दशकात थांबा. नव्याच धर्तीचा पूल बांधता आला असता, कार्रायाला तसा झालाही. पण इथे लोक हट्टाला पेटले. जसा होता तसा, जिथे होता तिथे, हा त्यांचा आग्रह. पाणबुडे आर्नोच्या तळातून आम्मन्नातीचे दगड वर काढताहेत. काठावर ते ओळीने मांडून, जुन्या फोटोंशी ताडून, कुठला दगड कुठला हे ठरवलं जातंय. वास्तुतज्ज्ञ रिक्कार्दो गिझ्दुलिक कमानीची ती अवघड रेषा पुन्हा पुन्हा मोजताहेत. कमी पडणाऱ्या दगडासाठी पिट्टीमागच्या बोबोली बागेतली खाण पुन्हा उघडली, कारण मूळ दगड तिथलाच होता. यंत्राने कापलेल्या दगडाचा पोत वेगळा येतो म्हणून पाथरवट सोळाव्या शतकासारखी हत्यारं घेऊन बसले आहेत. छिन्नीचा आवाज ऐका. तो आवाज तुम्ही कुठल्याही जुन्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या जागी ऐकला असेल.

पूल 1958 मध्ये खुला झाला. चारही ऋतू आपापल्या कोपऱ्यांवर परतले, फक्त वसंताला डोकं नव्हतं. ते स्फोटात उडालं होतं. कुणी म्हणे सैनिकाने पळवलं, कुणी म्हणे विकलं गेलं. एका पेन बनवणाऱ्या कंपनीने शोधून देणाऱ्याला बक्षीसही जाहीर केलं. डोकं सापडलं 1961 च्या ऑक्टोबरमध्ये, नदीतला गाळ काढणाऱ्या कामगारांना. सतरा वर्षं ते तिथेच पाण्यात पडून होतं. आज पुतळ्याजवळ जाऊन बघा, मानेवरचा सांधा दिसतो.

आणि पुन्हा पाच वर्षांनी नोव्हेंबरची चार तारीख. 1966. तीच तारीख, 633 वर्षांनंतर. मध्यरात्र उलटल्यावर पुलावरचा पहारेकरी सोनारांना घरी कळवतो की पाणी फार वर आलंय. तुम्ही त्यांच्याबरोबर पावसात धावत पुलावर येता. पायाखालची फरशी थरथरतेय, ओंडके खांबांवर आदळताहेत. माणसं घाईघाईने दागिने पिशव्यांत भरून निघतात. पहाटे पाणी गाळ्यांच्या आरपार जातं. सांता क्रोचे चर्चमध्ये चिमाबुए या चित्रकाराचा सातशे वर्षांचा क्रूस चिखल आणि तेलाने माखून बरबाद होतो. पुढचे कित्येक आठवडे जगभरातून आलेली तरुण मुलं गुडघाभर चिखलात उभी राहून पुस्तकं आणि चित्रं हातोहात बाहेर काढतात. 1345 च्या दोन खांबांवरचा पूल मात्र तसाच उभा राहतो. त्या नाव नसलेल्या माणसाचं गणित बरोबर होतं.

आता एक साल मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, तिकडे चला.

1870, नोव्हेंबर संपतोय. फ्लोरेन्स सध्या साऱ्या इटलीची राजधानी आहे. कार्राया पुलाच्या थोडं खाली, नदीकाठच्या चौकातल्या एका हॉटेलात वीस वर्षांचा एक मराठी तरुण आजारी पडलाय. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज. चार वर्षांपूर्वी ते दत्तक होऊन गादीवर आले. यंदा ते युरोप बघायला निघाले, इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाला भेटले, रोज जे बघतील ते इंग्रजीत रोजनिशीत लिहीत राहिले. ती रोजनिशी त्यांच्यामागे, 1872 मध्ये लंडनला छापली जाणार आहे. परतीच्या वाटेवर, तीस नोव्हेंबरला, इथे फ्लोरेन्समध्ये त्यांनी देह ठेवला.

तुम्ही त्या हॉटेलच्या जिन्यात उभे आहात. वर त्यांच्याबरोबरची माणसं आहेत. त्यांच्यापुढे आता काय प्रश्न असेल, तो तुम्हालाच कळेल, गोऱ्या अधिकाऱ्यांना तो समजावून सांगावा लागेल. अग्नी द्यायचा आहे. या देशात माणसाला जाळत नाहीत. आणि द्यायचा तर तो नदीच्या संगमावर. पंचगंगेच्या घाटावरून निघालेल्या या माणसांनी परक्या गावात विचारपूस केली असेल की इथे दोन नद्या कुठे मिळतात. उत्तर मिळालं की गावाबाहेर, कास्चीने नावाच्या मोठ्या बागेच्या शेवटी मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो. सरकारने खास परवानगी दिली.

मध्यरात्र होऊन गेलीय. डिसेंबरची थंडी. तुम्ही मशालींच्या उजेडात नदीच्या कडेने चालताय, डाव्या हाताला अंधारात आर्नो वाहतेय. एवढ्या रात्रीही फ्लोरेन्सचे लोक मागून चालत आलेत. त्यांनी असं काही कधी पाहिलेलं नाही. संगमावर चिता रचली आहे. तूप, चंदन, कापूर यांचा वास तुमच्या ओळखीचा आहे आणि तुमच्या बाजूला उभ्या असलेल्या त्या टोपीवाल्या माणसाच्या मुळीच ओळखीचा नाही. मंत्र सुरू होतात. ज्या भाषेत तुम्ही हे वाचताय ती भाषा त्या रात्री त्या काठावर रडण्यासाठी वापरली गेली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चार वर्षांनी, 1874 मध्ये, त्याच जागी एक छत्री उभी राहिली. आपल्याकडच्या राजघराण्यांच्या समाध्यांवर असते तशी, कमानींची, वर घुमट. आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा रेखाटला. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, फुलर या शिल्पकाराने केलेला, डोक्यावर पागोटं, आणि तो रंगवलेला आहे. सगळ्या गावात पांढऱ्या संगमरवराचे चेहरे बघून आल्यावर हा रंगीत चेहरा एकदम जिवंत वाटतो. फ्लोरेन्सकर त्या जागेला 'इंडियानो' म्हणायला लागले. आणि जेव्हा त्यांनी 1970 च्या दशकात संगमाशेजारी नवा पूल बांधला, पोलादी तारांनी ताणून धरलेला, पाण्यात एकही खांब नसलेला, तेव्हा त्याचं नाव ठेवलं पोन्ते आल्ल'इंडियानो. 1978 मध्ये तो सुरू झाला. वरून गाड्या धावतात आणि खाली पायी जाणाऱ्यांसाठी वेगळी झुलती वाट आहे. बखरकार, ड्यूक आणि पोप ज्या गावात पैशाला पासरी झाले, त्या गावाने एक पूल वीस वर्षांच्या एका कोल्हापूरकराच्या आठवणीने ओळखायचा ठरवला.

मराठी प्रवासी फ्लोरेन्सला दर वर्षी जातात. टूर कंपनीच्या कार्यक्रमात जुना पूल, कथीड्रल, डेव्हिडचा पुतळा आणि जेवण असतं. संगम बहुधा नसतो. तो तुम्ही तुमचा घाला. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळून ट्राम घ्या, कास्चीने थांब्यावर उतरा आणि आर्नो डाव्या हाताला ठेवून बाग संपेपर्यंत चालत राहा. पाऊणएक तास लागेल. झाडांमधून आधी पुलाच्या तारा दिसतील, मग छत्री. तिथे पोचलात की बरोबरच्या माणसाशी दोन वाक्यं मराठीत बोला. महाराजांच्या कानावर ती फार दिवसांनी पडतील.